पोच

"याला काही पोच नाही!" हे वाक्य माझ्याबद्दल आजीपासून वर्कशॉपच्या सरांपर्यंत सगळ्यांनी म्हणून झालेलं आहे. त्यामुळे पोच म्हणजे अक्कल, आणि ती आपल्याकडे नाही, एवढंच मला सेकंड इयरपर्यंत माहीत होतं. पोच हा एक कागदही असतो, सरकारी ऑफिसात अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घ्यायची असते आणि ती मिळेपर्यंत टेबलासमोरून हलायचं नसतं, हे मला एका रिटायर्ड पोस्टमास्तरांनी शिकवलं. तेही जिल्हा कारागृहाच्या दारात उभं राहून!

घाबरू नका मित्रांनो, आपल्या हॉस्टेलचं कुणी आत गेलेलं नाही. झालं असं की एनएसएसचे वर्षाला १२० तास भरायचे असतात, आणि माझे झाडं लावून, रांगोळी काढून, रक्तदान शिबिरात बिस्किटं वाटून कसेबसे निम्मे भरले होते. तेव्हा सरांनी मला आणि माझ्या पार्टनरला गावातल्या एका गटाकडे धाडलं. "त्यांना कॉम्प्युटर येणारी दोन मुलं पाहिजेत," एवढंच सांगितलं. आम्हाला वाटलं, प्रिंटर बिघडला असेल.

गट म्हणजे सहा माणसं. एक रिटायर्ड हेडमास्तर (त्यांना सगळे गुरुजी म्हणतात), पोस्टमास्तर काका, एलआयसीचं काम करणाऱ्या एक काकू, एक मेडिकलवाले, बस डेपोतून निवृत्त झालेले एक कंडक्टर, आणि वकिली सुरू करून चारच वर्षं झालेल्या एक ताई. दर गुरुवारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत जमतात. गटाला नाव नाही, नोंदणी नाही, पावतीपुस्तक नाही. नाव का नाही विचारलं तर गुरुजी म्हणाले, "नाव ठेवलं की अध्यक्ष लागतो, आणि अध्यक्ष आला की भांडणं."

यांचं काम काय? तर जिल्हा कारागृहातल्या कच्च्या कैद्यांपर्यंत वकील, कोर्टाची ऑर्डर आणि सुटकेचे नियम पोचतात की नाही, ते बघायचं आणि पोचत नसतील तर संबंधित साहेबांच्या मागे लागायचं. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून चालू आहे तो. सरकारी भाषेत न्यायाधीन बंदी. आपल्याला वाटतं तुरुंगात शिक्षा झालेले लोक असतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीत देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती आणि त्यातली ४,३४,३०२ कच्ची होती. म्हणजे चारातले तीन! मी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून बघितलं.

आमचं पहिलं काम माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाईप करायचं. महाराष्ट्रात २०१२ पासून नियम असा की एका अर्जात एकच विषय आणि तोही १५० शब्दांत. आपल्याला दोन ओळींचं उत्तर चार पानांवर पसरवायची सवय, इथे उलटं. गुरुजींचे प्रश्न मात्र शाळामास्तरांसारखे नेमके होते. कारागृहात मोफत वकिलाची माहिती देणारा फलक कुठे कुठे लावला आहे? गेल्या सहा महिन्यांत विधी सेवेचे वकील कोणकोणत्या तारखांना आत आले? जामीन मंजूर होऊनही न सुटलेले बंदी किती? वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प.

उत्तर तिसाव्या दिवशी आलं. "सदर माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." मी म्हटलं, झालं, संपलं. पोस्टमास्तर काका खूश! म्हणाले, "नाही म्हणाले ना? आता अपील करता येतं. काहीच उत्तर आलं नसतं तर वाट बघण्यात आणखी दिवस गेले असते." मग पहिलं अपील आणि सुनावणी. संकलित माहिती नसेल तर नसू दे, आम्हाला नोंदवह्या आणि फलक बघू द्या, अशी मागणी. कायद्यात अवलोकनाचा अधिकार आहे, तो मिळाला.

अवलोकनाला काकू आणि वकीलताई गेल्या. फलक होता. व्यवस्थित, मराठीत, फ्रेम केलेला. कुठे? ऑफिसच्या व्हरांड्यात, अधीक्षकांच्या केबिनसमोर, जिथे कैदी सहसा येतच नाहीत. बरॅकींमध्ये एकही नाही. काकू परत येऊन म्हणाल्या, "आमच्या ऑफिसातसुद्धा तक्रारपेटी साहेबांच्या केबिनमध्येच असते!"

आता फलकावर एवढा जोर का, हे मला आधी कळत नव्हतं. गुरुजींनी मग एक जुनी फाईल काढली. १९८२ साली शीला बर्से या पत्रकार मुंबईच्या तुरुंगात पंधरा महिला कैद्यांशी बोलल्या. त्यातल्या पाच जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं. बर्सेंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं आणि फेब्रुवारी १९८३ मध्ये निकाल दिला. निकाल महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या प्रकरणात, म्हणजे थेट आपल्या घरचाच. त्यात लिहिलंय की तुरुंगात ठळक ठिकाणी फलक लावा, अमुक दिवशी वकील येतील, ज्याला हवं त्याने भेटावं. जिल्ह्यातले नेमलेले वकील निदान पंधरवड्यातून एकदा आत गेलेच पाहिजेत. आणि कैदी वकिलाशी बोलत असेल तेव्हा तुरुंगाच्या माणसाने नजरेच्या टप्प्यात राहावं, पण ऐकू येईल इतकं जवळ नाही. इतकं बारीक! आपल्या मशीन ड्रॉइंगच्या शीटवर टॉलरन्स देतात तसं. फक्त ही शीट तयार होऊन चाळीस वर्षं उलटून गेली आणि पार्ट काही बनला नाही.

फाईलमध्ये दुसरा एक निकाल होता, तो तर आपल्या वाचकांनी जरूर ऐकावा असा. १९७८ चा, होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य. आरोपी कोण? विद्यापीठात रीडर असलेले गृहस्थ. गुन्हा काय? दुसऱ्या एका विद्यापीठाच्या पदव्या बनावट तयार करायचा प्रयत्न! (हसू नका, तुमची मार्कशीट खरी आहे ना?) उच्च न्यायालयाने त्यांची शिक्षा वाढवून तीन वर्षांची केली. ते सर्वोच्च न्यायालयात पोचले चार वर्षांहून जास्त उशिराने, तोवर शिक्षा भोगूनही झाली होती. का उशीर? तर निकालाची प्रत मिळालीच नाही असं त्यांचं म्हणणं. प्रत दिली असं तुरुंगाचं म्हणणं. कैद्याची सही असलेला कागद मात्र कुणाकडे नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्यांचं अपील काही ऐकलं नाही, गुन्हा गुन्हाच होता. पण पुढच्यांसाठी सांगून ठेवलं की तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत फुकट द्यायची, अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तो सरकारने द्यायचा, आणि प्रत कैद्याच्या हातात देऊन त्याची लेखी पोच घ्यायची.

हे वाचताना पोस्टमास्तर काकांचा चेहरा बघण्यासारखा होता. आयुष्यभर ज्या पिवळ्या कार्डावर सह्या घेतल्या त्याचं सर्वोच्च न्यायालयाने कौतुक केल्यासारखा.

आणि हे सगळं बाहेरच्या चळवळ्यांनीच केलं असंही नाही. १९७९ च्या जानेवारीत बिहारमधल्या कच्च्या कैद्यांबद्दल इंडियन एक्स्प्रेसमध्ये लेख आले. लिहिणारे होते के. एफ. रुस्तमजी, स्वतः पोलीस अधिकारी, सीमा सुरक्षा दलाचे पहिले प्रमुख, आणि जन्माने आपल्या नागपूरजवळच्या कामठीचे. ते वाचून कपिला हिंगोरानी या वकीलबाई सर्वोच्च न्यायालयात गेल्या. जितकी जास्तीत जास्त शिक्षा होऊ शकली असती त्याहून जास्त काळ आत बसलेली माणसं तेव्हा सापडली. यादीत पहिलं नाव हुसैनारा खातून होतं, म्हणून खटला त्या नावाने ओळखला जातो.

असो. इतिहास पुरे. आता मेसच्या मावशींकडे येतो. (हे त्यांना विचारून लिहितोय. "नाव नको घालू, बाकी लिही," म्हणाल्या.)

मी मेसमध्ये जेवण झाल्यावर टेबल पुसून तिथेच अर्जांचे गठ्ठे लावत बसायचो, कारण खोलीत पार्टनरची पीएल चालू. मावशी येता-जाता बघायच्या. एकदा म्हणाल्या, "दादा, तुम्ही त्या जेलच्या कामाला जाता का?" म्हटलं, हो, का? "काही नाही." दोन दिवसांनी वाढताना माझ्या पानात एक पोळी जास्त टाकली आणि हळूच म्हणाल्या, "माझा भाचा हाय आत."

भाऊ-भावजय दोघंही गेल्यावर मावशींनीच वाढवलेला पोरगा. वय एकोणीस. गॅरेजमध्ये कामाला. शेतातल्या मोटारींची केबल चोरीला गेली त्यात तिघांना धरलं, त्यात हा. त्याने चोरली की नाही मला माहीत नाही, मावशींनाही नाही. "असंल बी, नसंल बी," असं त्या सरळ म्हणाल्या. एका वकिलाला सहा हजार दिले होते, ते आता फोन उचलत नव्हते. "जामीन झालाय त्याचा. पण पंधरा हजार भरायचेत. सात जमलेत."

वकीलताईंनी ऑर्डरची प्रत काढली. त्यात पंधरा हजार भरा असं कुठेच नव्हतं! पंधरा हजारांच्या वैयक्तिक जातमुचलक्यावर आणि तितक्याच रकमेच्या एका सक्षम जामीनदारावर सोडावं, असं होतं. म्हणजे पैसे भरायचे नाहीत. पोरगा तारखेला आला नाही तर तेवढे देईन अशी हमी घेणारा ऐपतदार माणूस उभा करायचा. हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं आणि मावशींनाही नाही. दोघं काचेच्या दोन बाजूंना, फोनवर, दर मुलाखतीला पंधरा हजारांचा हिशोब करत होते. सत्तर दिवस!

आता ऐपतदार माणूस तरी कुठून आणायचा? सातबारा लागतो, नाहीतर घरपट्टीची पावती, नाहीतर पगाराची स्लिप. मावशींना पगार रोख मिळतो. घर भाड्याचं. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन जामीन राहणारे लोक फिरत असतात म्हणे, पण त्या वाटेला ताईंनी जाऊ दिलं नाही. मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याला असंच दहा हजारांच्या जामीनदाराअभावी आत राहावं लागलं, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ऐपत बघून अटी घाला असं सांगितलं होतं. तेही १९७८ सालीच. ते वर्ष फारच कामाचं होतं असं दिसतं.

खरी गंमत पुढे आहे. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने याचसाठी आदेश दिलेत. जामिनाची ऑर्डर कोर्टाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने कारागृहाला पाठवायची. अधीक्षकांनी ती तारीख ई-प्रिझन्स या सॉफ्टवेअरमध्ये टाकायची. सात दिवसांत माणूस सुटला नाही तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं, त्यांनी कुणालातरी पाठवून अडचण काय ते बघायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट शिथिल करायची का, याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं. त्याच वर्षी केंद्र सरकारनेही गरीब कैद्यांसाठी योजना आणली. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत मदत मिळू शकत होती, आणि ठरवणारी समिती जिल्हाधिकाऱ्यांची. शिवाय कोठडीतल्या कुणालाही, उत्पन्न कितीही असो, वकील फुकट मिळतो. हे तर विधी सेवा कायद्यातच आहे. म्हणजे मावशींच्या भाच्यासाठी चार दारं उघडी होती. त्याला एकही दिसत नव्हतं.

त्या रात्री खोलीत मोठं भांडण झालं. माझ्या पार्टनरचा लॅपटॉप गेल्या वर्षी पीएलमध्ये चोरीला गेला होता, प्रोजेक्टसकट. तो म्हणाला, "माझा लॅपटॉप गेला तेव्हा तुझे गुरुजी कुठे होते? चोरांना वकील फुकट, आणि मला पोलीस स्टेशनच्या सहा फेऱ्या!" खोटं नाही बोलला तो. त्याची तक्रार नोंदवून घेतानाही पोच मिळाली नव्हती. मी त्याला एवढंच म्हटलं की या पोराला मी सोडा म्हणत नाहीये. सोडा असं न्यायाधीशांनीच म्हटलंय, सत्तर दिवसांपूर्वी. मग आता त्याला आत ठेवलंय ते कुणाच्या हुकमाने? पार्टनर कूस बदलून झोपला. पण पुढच्या गुरुवारी आला, आणि एक्सेल माझ्यापेक्षा त्याचं चांगलं आहे!

मग सुरू झाल्या सोमवारच्या वाऱ्या. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. आम्ही अर्ज दिला की गरीब कैद्यांच्या योजनेची समिती बसली का, बसली असल्यास इतिवृत्त द्या, नसल्यास तारीख द्या. खिडकीवरच्या भाऊसाहेबांनी वाचला आणि परत सरकवला. "न्यायप्रविष्ट बाब आहे. लोकशाही दिनात घेता येत नाही." नियम खरा आहे. गुरुजी शांतपणे म्हणाले, "साहेब, खटला न्यायप्रविष्ट आहे. मीटिंग झाली की नाही, हे कुठल्या कोर्टात प्रविष्ट आहे?" भाऊसाहेब आत जाऊन आले. "आवकला द्या." आवकला दिला. काकांनी पोच घेतली. पुढच्या महिन्यात त्या पोचेचा नंबर घालून दुसरा अर्ज. तिसऱ्या महिन्यात दोन्ही पोचा जोडून तिसरा. सबमिशनला जर्नल परत परत परत करणाऱ्या आपल्या सरांना आम्ही तोडीस तोड भेटलो असतो.

तिसऱ्या वेळी जिल्हाधिकाऱ्यांनी आत बोलावलं. मोजून तीन मिनिटं. तीन पोचा बघितल्या, निवासी उपजिल्हाधिकाऱ्यांकडे बघितलं, आणि म्हणाले, "पंधरा दिवसांत घ्या." एवढंच. आम्ही भाषण पाठ करून गेलो होतो, ते वाया गेलं.

अधीक्षकांबद्दल सांगायला हवं, कारण आम्ही त्यांना खलनायक समजून गेलो होतो. बैठकीच्या आधी त्यांनी गुरुजींना आणि आम्हाला ऑफिसात बसवलं. कारागृहात क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त बंदी, आणि ऑफिसात एक लिपिक, एक कॉम्प्युटर. "तारखा रोज भरतो हो आम्ही. पण सात दिवस झालेले कोण, हे रोज बसून शोधणार कोण?" त्यांच्या आवाजात राग कमी आणि थकवा जास्त होता. पार्टनरने मला कोपराने ढोसलं. एक फिल्टर! आजच्या तारखेतून जामिनाची तारीख वजा करायची आणि सातपेक्षा जास्त असेल ती ओळ लाल. फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलमधलं काम. आम्हाला कैद्यांची माहिती दाखवता येत नव्हती आणि ते बरोबरच आहे. म्हणून प्राधिकरणाच्या सचिवांच्या परवानगीने रिकामी शीट करून दिली, नावं त्यांच्याच लिपिकाने भरली. आम्हाला फक्त लाल ओळी किती ते सांगितलं.

अकरा.

अकरा माणसं, ज्यांना कोर्टाने सोडायला सांगितलं होतं आणि जी आत होती. सगळ्यात जुनी ओळ पाच महिन्यांची. मावशींचा भाचा अकरांत सहावा निघाला.

विधी सेवेच्या वकिलांनी अर्ज केले. आठ जणांच्या बाबतीत कोर्टाने जामीनदाराची अट काढून नुसत्या जातमुचलक्यावर सोडलं, त्यात भाचाही होता. एकाच्या कामी समितीतून पैसे मंजूर झाले. भाचा सुटला त्या संध्याकाळी मावशींनी मेसला सुट्टी टाकली आणि आम्हाला खिचडी खावी लागली. कुणी कुरकुर केली नाही, कारण कारण कुणाला माहीतच नव्हतं. पोराचं गॅरेजचं काम गेलं ते गेलंच. महिन्यातून एकदा तारखेला जातो. केस चालूच आहे, त्यात काय होईल ते कोर्ट ठरवील.

फलक आता दोन बरॅकींत लागलेत, मराठी आणि हिंदीत. गुरुजींचं समाधान नाही. वाचता न येणाऱ्यांचं काय? सकाळच्या मोजणीच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवा, असा नवा अर्ज टाकलाय. शिवाय जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ प्रमाणे पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्याने जास्तीत जास्त शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याच्या सुटकेसाठी अधीक्षकांनीच कोर्टाला अर्ज करायचा आहे. फाशी-जन्मठेपेचे गुन्हे आणि एकाहून जास्त केसेस असलेले वगळून. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे जुन्या केसेसनाही लावलं. त्यासाठी शीटमध्ये आणखी एक कॉलम हवा. पार्टनर त्यावर बसलाय.

अकरांतले दोन अजून आत आहेत. एकाचे नातेवाईक शोधण्याचं काम कंडक्टर काका करताहेत, त्यांना जिल्ह्यातलं प्रत्येक फाट्यावरचं गाव ठाऊक. दुसरा ओडिशाचा. मराठी नाही, हिंदी जेमतेम. गावाचं नाव कागदोपत्री तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेलं. विधी सेवेच्या स्वयंसेवकाने तो बोलला ते जसं ऐकू आलं तसं देवनागरीत उतरवून आणलं. आपल्या बी विंगमधल्या एका ओडिया ज्युनियरने ते मोठ्याने वाचलं, हसला, पुन्हा वाचलं, आणि म्हणाला की हे गावाचं नाव नाही, "नदीच्या पलीकडे" असं काहीतरी आहे. पोस्टमास्तर काका पिनकोडचं पुस्तक घेऊन बसलेत. ओडिशाचे पिन ७५, ७६, ७७ ने सुरू होतात एवढं त्यांना पाठ आहे. आतापर्यंत तीन पोस्ट ऑफिसांना ओडियात पत्रं गेलीत, अमुक नावाचं घर तुमच्या हद्दीत आहे का म्हणून. एक "पत्ता अपुरा" शेरा मारून परत आलंय, दोन अजून वाटेत आहेत.

बैठक दर गुरुवारी साडेसहाला असते, वाचनालयाच्या मागच्या खोलीत. ओडिया, तेलुगू, कन्नड, बंगाली लिहिता येणारं हॉस्टेलवर आणखी कुणी असेल तर खोली नंबर ११४ मध्ये सांगावं. एनएसएसचे तास धरतात. चहा मेडिकलवाल्या काकांकडून.